अर्धा किलो ठोकळे

रविवारच्या जुन्या बाजारात ते वजनावर मिळाले.
अर्धा किलो, एकशे साठ,
वरून मूठभर फुकट.
विकणारा म्हणाला, साहेब, सगळे चालतात.

सगळे चालत नव्हते.
चार कंपन्यांचे, दोन देशांचे, एखादा कुत्र्याने चावलेला.
भोसरीत मी दिवसभर हेच करतो:
बुश उचलायचं, गेज घालायचं,
गेलं तर हिरव्या ट्रेमध्ये, अडकलं तर लाल पेटीत.
म्हणून घरी व्हर्नियर काढलं
आणि फरशीवर बसून
ठोकळ्यांची टेंगळं मोजायला लागलो.
चार पॉइंट आठ. चार पॉइंट नऊ. हा पाच. हा बाद.

कस्तुरी समोर फतकल मारून.
वय साडेतीन. मोजता येतं सातपर्यंत,
सातानंतर थेट वीस.
तिनं माझ्या बाद ढिगातला एक उचलला,
दुसऱ्यावर दाबला, जीभ ओठाबाहेर,
अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत.
बसला नाही. उलटा केला. बसला नाही.
आता रडणार, असं वाटून मी हात पुढे केला.
तिनं तो बाजूला सारला,
वाटेतलं पाट सारावं तसा,
आणि तिसरा उचलला.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या,
रंगानुसार वेगळे करायला शिकवा.
मी वाट्या मांडल्या: लाल, निळी, पिवळी.
तिनं वाट्या भरल्या, पण भलत्याच.
एकीत निळा, पांढरा, दोन लाल.
काय गं हे?
"ह्यांचं जमतं."
आणि ह्या वाटीत?
"ह्यांचं पण जमतं. पण त्यांच्याशी नाही."
ती झोपल्यावर मी व्हर्नियर लावून बघितलं.
एकही चूक नव्हती.

मग वरच्या मजल्यावरचा अरमान यायला लागला.
चाकांची जोडी एकच,
त्यावरून एकदा केस ओढण्यापर्यंत गेलं.
मी उठणार, तेवढ्यात आपसात तह झाला:
बस दापोडीपर्यंत तिची, पुढे त्याची,
आणि पुलावर हॉर्न दोघांनी मिळून वाजवायचा.
पूल म्हणजे आधी माझी चप्पल होती.
नंतर ठोकळ्यांचा झाला.
पहिला मधोमध तुटला.
दुसरा, बस चढताच.
तिसऱ्याला तिनं खांब जवळ घेतले.
कुणी सांगितलं तिला?
मला हे आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी कळलं,
तेही शेजारच्याचं बघून.

काल सेकंड शिफ्ट. मध्यरात्र उलटून आलो
तर फरशीवर घर उभं.
खाली घट्ट बसणारे, ते समजलं.
पण मधे, वर, कोपऱ्याकोपऱ्यात माझे बाद,
डुगडुगणारे, सैल,
मी पेनानं फुली मारलेले.
सकाळी विचारलं, हे कशाला लावलेस?
ती दात घासत होती. फेसातून म्हणाली,
"ती दारं आहेत ना."
मग ओल्या बोटानं एक सैल तुकडा ढकलला.
तो एका टेंगळावर गर्रकन फिरला.
"घट्ट लावलं तर आतली माणसं बाहेर कशी येणार?"

दुपारी कामावर गेलो.
पहिल्या तासात अकरा बुश लाल पेटीत टाकली.
टाकावीच लागतात,
त्यांच्या भरवशावर कुणाची तरी गाडी
रात्रीची घाट उतरणार असते.
बारावं जरा वेळ हातात धरलं.
मग तेही टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत बुटात काहीतरी टोचलं.
पिवळा, दोन टेंगळांचा, कोपरा चावलेला,
पाठीवर माझीच फुली.
तिच्या घराचं एक दार
माझ्याबरोबर कंपनीत आलं होतं,
म्हणजे मी परत जाईपर्यंत
ते घर उघडंच.